स्वतःचं चित्र शिकवायला काय घ्यावं: आरसा, कागद आणि तेलखडू

पहिली ते चौथीच्या मुलांकडून स्वतःचं चित्र काढून घ्यायचं ठरलं की शाळा आधी मोठी रंगपेटी विकत आणतात आणि आरसा ‘ज्याचा त्यानं घरून आणावा’ म्हणून सांगतात. खर्चाचा क्रम नेमका उलटा हवा. आरशाशिवाय मूल स्वतःचा नव्हे, पाठ झालेला चेहरा काढतं: एक गोल, दोन ठिपके आणि खाली हसरी रेघ. पन्नास रंगांची पेटी दिली तरी तोच चेहरा रंगीत होतो, एवढंच.

आरशांचे तीन प्रकार सहज मिळतात. जत्रेत किंवा गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारा प्लॅस्टिक चौकटीचा काचेचा आरसा स्वस्त असतो, प्रतिमाही स्वच्छ दाखवतो. पण तीस मुलांच्या वर्गात बाकावरून एक तरी खाली पडणारच, आणि लहान मुलांच्या पायाशी काचा नकोत. चिकटवायचा आरसा-कागद घेऊच नका. पुठ्ठ्यावर कितीही काळजीनं लावला तरी लाटा राहतात, हनुवटी लांबते, आणि मूल जे दिसतं ते इमानेइतबारे काढतं. तिसरा आणि घेण्यासारखा प्रकार म्हणजे कडक प्लॅस्टिकचा, अर्थात अ‍ॅक्रिलिकचा आरसा.

अ‍ॅक्रिलिक घेताना जाडी विचारा. दोन मिलिमीटरचा पत्रा बोटांच्या दाबानं वाकतो आणि चेहरा ताणला जातो, तीनचा घ्या. तयार आरसे शोधण्यापेक्षा पणजी, मडगाव, फोंड्यात दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे जाणं बरं. त्यांच्याकडे हा पत्रा असतो, लेझरनं हव्या मापाचे तुकडे कापून मिळतात. चार फूट बाय दोन फूट पत्र्यातून आठ इंच बाय सहा इंचाचे चोवीस तुकडे निघतात, कापण्यात जाईल तेवढी मिलिमीटरभर घट धरा. कोपरे गोल करून मागा आणि कडा बारीक सँडपेपरनं घासून घ्या. वरची संरक्षक फिल्म वर्ग सुरू होईपर्यंत काढू नका.

आठ बाय सहा हे माप उगीच नाही. मुलाला एक डोळा मिटून, डोकं न हलवता, आरशात दिसणाऱ्या चेहऱ्याची, केसांसकट, कड व्हाइटबोर्ड मार्करनं आरशावरच गिरवायला सांगा. ती कड खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्म्या उंचीची निघते, मूल आरशाच्या जवळ बसलेलं असो वा लांब. प्रतिबिंब आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर असतं आणि आरसा दोघांच्या मधोमध येतो, म्हणून असं होतं. मुलाचं डोकं केसांसकट साधारण वीस सेंटिमीटर धरलं तर आरशावर त्याला दहा लागतात. आठ इंचांत मान, खांदे आणि थोडी हालचाल मावते. तळहाताएवढ्या आरशात चेहरा पुरा दिसतच नाही, मग मूल आधी एक डोळा, मग दुसरा, असं तुकड्यातुकड्यानं बघतं आणि कागदावर ते तुकडे जुळत नाहीत.

या गिरवलेल्या कडेचा दुसरा उपयोग मोठा आहे. कडेच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापा आणि मधोमध घडी घाला. पट्टी पुन्हा आरशाला लावली की घडी डोळ्यांवर येते. डोळे डोक्याच्या निम्म्यावर असतात हे फळ्यावर दहा वेळा सांगून पटत नाही, कारण मुलाच्या लेखी कपाळ म्हणजे नुसती रिकामी जागा. म्हणून ते डोळे वर, केसांना चिकटवून काढतं. घडी बघितली की वाद संपतो. खालच्या अर्ध्या भागाची पुन्हा घडी घाला: नाकाचं टोक त्या घडीच्या आसपास, लहान मुलांत किंचित वर. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा. कानांचं वरचं टोक भुवईपाशी, पाळी नाकाच्या टोकापाशी. पहिली-दुसरीला एवढी मापं नकोत, त्यांना डोळ्यांची घडी पुरे.

आरसा टेबलावर सपाट ठेवू देऊ नका. मूल वाकून बघतं आणि चित्रात नाकपुड्या नि गळा येतो. खालच्या कडेला दोन मोठे बाइंडर क्लिप लावले की पाय होतात, मागे दप्तर टेकवा. आरसा डोळ्यांच्या रेषेत हवा. उजेड एका बाजूनं यावा. आपल्या बऱ्याच जुन्या शाळांत एकाच भिंतीला खिडक्या असतात, तिकडे पाठ करून बसलेल्या मुलाला स्वतःचा काळा आकार तेवढा दिसतो. बाक आडवे फिरवा, म्हणजे गालाच्या एका बाजूला सावली पडते आणि नाक कसं काढायचं हा प्रश्न निम्मा सुटतो. नाकाच्या दोन उभ्या रेघा नकोत. खालची तीन वळणं आणि सावलीची बाजू एवढंच.

कागद १४० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) पुढचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, ए-फोर, उभा. चकचकीत कार्ड-पेपरवर तेलखडू घसरतो, रंगाचा दुसरा थर बसत नाही. ए-थ्री दिला तर लहान मुलं कोपऱ्यात लिंबाएवढा चेहरा काढून मोकळी होतात. जून ते सप्टेंबर इथला कागद हवेतलं पाणी पितो. मऊ पडलेल्या कागदावर रबर फिरवला की लव सुटते. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून लोखंडी कपाटात आडवा ठेवा, लागतील तेवढेच बाहेर काढा. पेन्सिल साधी अप्सरा किंवा नटराज एचबी. सहा-बी ही मऊ, काळी पेन्सिल कुणाच्या हाती देऊ नका, तळहातानं सगळं चित्र धुरकट होतं. रबर पहिली दहा मिनिटं तुमच्याकडेच असू द्या.

रंगांत मेणखडूपेक्षा तेलखडू सरस. कॅमलची पंचवीस रंगांची पेटी दोन मुलांत एक पुरते. पन्नासची गरज नाही, कारण खरं काम मिसळण्यात आहे. आणि इथे एका गोष्टीबद्दल ठाम राहायला हवं: पेटीतल्या ज्या फिकट गुलाबी कांडीला मुलं ‘स्किन कलर’ म्हणतात, ती आपल्या वर्गातल्या बहुतेकांच्या कातडीची नाही. क्रेयोला या अमेरिकी रंगखडू कंपनीनं आपल्या ‘फ्लेश’ रंगाचं नाव १९६२ सालीच बदलून ‘पीच’ केलं आणि २०२० मध्ये कातडीच्या चोवीस छटांची वेगळी पेटी काढली. ती पेटी घ्यायची गरज नाही. मुलानं हाताची मागची बाजू कागदाशेजारी ठेवावी आणि तिथेच मिश्रणं करून बघावीत. आधी गेरूपिवळा हलक्या हातानं, त्यावर तपकिरी, गालांना थोडा केशरी, मग बोटानं चोळायचं. गोरा रंग हवा तर पांढरा शेवटी, आधी नको, नाहीतर वरचा थर घसरतो. सावलीला काळा वापरला की गाल मळकट दिसतो. गडद निळा किंवा जांभळा चालतो. केसांना मात्र काळा निळ्यावर भरा आणि टूथपिकनं ओढून बटा काढा. वेणीतल्या अबोलीच्या जागा आधीच कोऱ्या ठेवाव्या लागतात, काळ्यावर केशरी बसत नाही.

डोळ्यांत एक चूक हमखास: बुबुळ पूर्ण गोल, चारी बाजूंनी पांढरं. त्यानं चेहरा घाबरलेला दिसतो. वरची पापणी बुबुळाचा वरचा भाग झाकते, हे आरशात बोट ठेवून दाखवा. दात एकेक काढू देऊ नका, पांढरी पट्टी पुरे. मान कानांखालून सुरू होते, काडीसारखी नसते.

चेहऱ्याची छापील रूपरेषा असलेले तक्ते आणि वर्कशीट्स विकत घेऊ नका. तीस मुलांचे तीस चेहरे एकाच अंड्यात कोंबले जातात आणि शिकवायचं काही उरतच नाही.

वेळ चाळीस मिनिटांचे दोन तास: पहिल्यात आरसा आणि पेन्सिल, दुसऱ्यात रंग. शक्य असेल तर मधल्या दिवसांत पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीतल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे असलेली आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांची चित्रं, वेळ आधी विचारून, दाखवून आणा. सांग्यात जन्मलेल्या या चित्रकारानं (१८७०–१९३५) रंगवलेल्या माणसांची कातडी एका रंगाची नाही, हे मुलं स्वतःच हेरतात.

तेलखडू पुरता सुकत कधीच नाही. चित्रांमध्ये बटर पेपर घाला, मे महिन्यात गठ्ठ्यावर वजन ठेवू नका. आरसे साबणाच्या पाण्यानं आणि सुती कपड्यानं पुसा. स्पिरिट किंवा काच पुसायचं अमोनियाचं द्रावण लावलं तर अ‍ॅक्रिलिक धुरकटतं. मार्करची कड त्याच दिवशी पुसा, नाव मागच्या बाजूला कागदी चिकटपट्टीवर लिहा.