बीएचयूची ई-रिक्षा फेरी, नारळीकरांसाठी तरी कराच

बनारसला गेलो की सगळे घाट करून परत येतात, आम्ही यावेळी मुद्दाम एक सकाळ बीएचयूसाठी, म्हणजे बनारस हिंदू विश्वविद्यालयासाठी ठेवली, लंका नावाच्या भागातल्या सिंहद्वारापासून (मुख्य गेट) ई-रिक्षा केली, तासाभराचे अडीचशे घेतले, कॅम्पस सुमारे 1300 एकर आहे त्यामुळे पायी जायच्या फंदात पडू नका. रिक्षावाले भैया एकदम सज्जन, प्रत्येक डिपार्टमेंटसमोर गाडी हळू करायचे. पण माहिती फक्त संस्थापक मालवीयजींची आणि स्थापनेच्या 1916 सालाची, मी नारळीकर म्हटलं तर त्यांना काहीच पत्ता नाही, याचं वाईट वाटलं.

अहो खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे पण वाढले इथेच, वडील विष्णु वासुदेव नारळीकर गणित विभागाचे प्रमुख होते, आणि जयंतराव 1957 ला इथूनच बीएस्सी होऊन केंब्रिजला गेले! शिवाय रसायनशास्त्रज्ञ सीएनआर राव इथलेच एमएस्सी, गायक-संगीतकार भूपेन हजारिका 1946 चे एमए, दोघंही भारतरत्न. मग मीच भैयांना सगळं सांगत बसलो, त्यांनी गाडी झाडाखाली लावून नीट ऐकून घेतलं आणि "नारलीकर, नारलीकर" असं दोनदा म्हणून पाहिलं, मला तर भरूनच आलं.

व्हीटीला, म्हणजे आतल्या विश्वनाथ मंदिरापाशी, कोल्ड कॉफी घ्याच. रिक्षाला पाचपैकी चार, एक कापला तो फक्त माहितीसाठी. गाईड म्हणून फिरवणाऱ्यांना या माणसांची नावं तरी कुणीतरी शिकवा राव.