इंजिन खोलायचं ठरलं होतं: ओबीडी स्कॅनर आठ महिने वापरल्यावर

आधी गाडी सांगतो. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, सेकंड हँड घेतलेली, आज मीटरवर ९४ हजार. राहायला अमळनेर, कृषी सेवा केंद्र आहे. पारोळा, धरणगाव, चोपडा आठवड्यातून तीन-चार चकरा, महिन्यातून एकदा धुळे. ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारं यंत्र. तो मी हौसेने घेतलेला नाही, घाबरून घेतला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुवायला दिली. वॉशिंगवाल्या पोराने विचारलं, "काका, इंजिनवर पण प्रेशर मारू का?" उद्या पूजा करायची गाडी, म्हटलं मार. चार दिवसांनी पारोळ्याहून येताना गाडी मिसिंग मारायला लागली. थर्डमध्ये रेस दिली की मागून कोणी दोरी धरल्यासारखी अडायची. डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनचा दिवा नुसता लागलेला नव्हता, लुकलुकत होता. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय आणि तो लालबुंद तापू शकतो, हे मला नंतर कळलं. अशा वेळी गाडी बाजूला घ्यायची असते. मी घरापर्यंत दामटली.

दुसऱ्या दिवशी गॅरेज. तिथल्या भाऊंनी बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली, ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरला आणि म्हणाले, "तीनवरच चालतेय. एकाचं कॉम्प्रेशन गेलं. इंजिन खोलावं लागेल. रिंग-पिस्टन, हेडचं काम, पॅकिंग सेट... चाळीस हजार पकडून चला." कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन जो दाब तयार करतो तो.

मला गाड्यांतलं काही कळतं म्हणून शंका आली असं नाही. शंका वडिलांना आली. त्यांची हयात ट्रॅक्टरवर गेली. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी तीन प्रश्न विचारले: ऑइल कमी होतं का? निळा धूर येतो का? कूलंट उतरतं का? तिन्हींना माझं उत्तर, "नाही." मग म्हणाले, "एक रातमां इंजिन बसत नही." पिस्टनवरच्या रिंग घासल्या तर गाडी आधी महिनोन्‌महिने ऑइल प्यायला लागते, पिकअप हळूहळू मरतो. माझी गाडी दसऱ्यापर्यंत ठणठणीत होती.

गॅरेजवर परत जाऊन मी भीत भीत विचारलं, "भाऊ, गेज लावून कॉम्प्रेशन दाखवता का?" उत्तर आलं, "पटत नसेल तर दुसरीकडे दाखवा." त्यांना मला फसवायचं होतं असं मी म्हणणार नाही. कानाने चालणारा माणूस, आणि एक सिलिंडर मेलं हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. ते का मेलं, हे मात्र अंदाजाने सांगितलं. अंदाज चुकला असता तर चाळीस हजार माझे जाणार होते.

तर स्कॅनर. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या पोटात सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात बसतं आणि ब्लूटूथने मोबाइलशी बोलतं. बीएस-४ या प्रदूषण नियमाच्या गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे बिघाड ओळखून कोड नोंदवणारी यंत्रणा, आवश्यक झाली, म्हणून त्यानंतरच्या गाडीत बहुतेक चालतंच. आधी साडेचारशेचं मागवलं. ते जोडलं जायचं आणि दोन मिनिटांत सुटायचं. या यंत्रांतली ईएलएम ३२७ ही मूळ चिप कॅनडातली, स्वस्त मालात तिच्या नकला असतात आणि सगळ्याच नकला सगळ्या गाड्यांशी बोलत नाहीत. परत पाठवलं, १४०० चं घेतलं. ते आजतागायत सुटलेलं नाही. आयफोनवाल्यांनी घेताना बघून घ्या, साधं ब्लूटूथवालं तिथे चालत नाही.

पहिल्याच स्कॅनला कोड आला: पी ०३०२. दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. आता खरी गोष्ट इथे आहे. कोडमध्ये कुठेही "कॉईल गेली" किंवा "रिंग गेली" असं लिहिलेलं नसतं. दोन नंबर नीट जळत नाही, एवढंच. त्यामागे कॉईल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती), प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारतो तो), व्हॉल्व्ह, रिंग, काहीही असू शकतं. भाऊंचं म्हणणं या कोडने खोडलं नव्हतं.

पण ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉईल असते तिथे एक फुकटातली परीक्षा करता येते. इंजिन थंड असताना दोन नंबरची कॉईल तीनवर लावायची, तीनची दोनवर. दहाचा पाना, दोन बोल्ट, दोन सॉकेट. दोन नंबरची कॉईल ओढली तेव्हा तिचं लांब रबर खालून ओलं निघालं. टोकाच्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली, आणि प्लगच्या विहिरीत टॉर्च मारला तर तळाला चमचाभर पाणी, दसऱ्याचं. ते कापडाने टिपलं, कॉईली बदलल्या, कोड पुसला आणि पारोळा रस्त्याला लागलो. सात-आठ किलोमीटरवर हिसका. रस्त्याच्या कडेला थांबून मोबाइल पाहिला: पी ०३०३. दोष कॉईलबरोबर तीन नंबरवर सरकला होता. रिंग-पिस्टन असे सरकत नाहीत.

कॉईल १९०० ला, चार प्लग ६८० ला. तरीही मनातून चाळीस हजार जाईनात, म्हणून मेहुण्यांच्या ओळखीने धुळ्याला एका चाचांकडे कॉम्प्रेशन तपासून घेतलं. चारही प्लग काढले, पेट्रोल बंद, माझा पाय रेसवर पूर्ण दाबलेला, आणि एकेका भोकात गेज. १७०, १६५, १६५, १७० पीएसआय. चाचा म्हणाले, आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते बघा. एखादा बराच मागे असता तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. तीनशे रुपये घेतले. त्या तीनशेंत मला जी झोप लागली तिचा हिशेब वेगळा.

इथे संपलं असतं तर मी स्कॅनरला पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो असतो. डिसेंबर ते एप्रिल मी नुसता शहाणा झालो होतो. शेजारच्यांच्या गाड्यांना यंत्र लावून कोड सांगत फिरायचो. मिस्त्री काही बोलला की मनात पहिला विचार, हा कशावरून?

मे महिन्यात सगळ्यांना घेऊन संभाजीनगरला निघालो. चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट चढायला लागलो आणि गाडीचा दम गेला. सेकंडमध्येही ओढेना. दिवा लागला, या वेळी लुकलुकणारा नाही, स्थिर. पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. बायको म्हणाली, "अहो, आधी तो दिवा बंद करा, पोरं घाबरली." मी कोड पुसला. दिवा गेला, पोरं खूश. त्याबरोबर फ्रीज फ्रेमही गेली. कोड पडला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, लोड, तापमान अशी सगळी नोंद संगणक जपून ठेवतो. ती मी घाटातच फेकून दिली.

घरी आल्यावर पुन्हा तोच कोड. फोनवर चाचा म्हणाले, "पेट्रोल पुरत नसेल, घेऊन या." आता मी स्कॅनरवाला. नेटवर वाचलं, ०१७१ आला तर ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजून संगणकाला कळवणारा, खराब असू शकतो. अमळनेरात २७०० चा सेन्सर बसवून घेतला. फरक शून्य.

मग गेलो धुळ्याला. चाचांनी जुना सेन्सर हातात घेऊन पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "हा बिचारा सांगत होता पेट्रोल कमी पडतंय. तुम्ही सांगणाऱ्यालाच काढून टाकलं."

लाज वाटली, कारण उत्तर माझ्याच मोबाइलमध्ये होतं. फ्युएल ट्रिम नावाचा आकडा असतो, संगणक नेहमीपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय तो. दहाच्या आत असला की काळजी नाही. माझी गाडी उभी असताना अधिक ४, आणि चढावर किंवा जोरात पळवताना अधिक २३. कुठे पाइप फाटून हवा ओढत असती तर साधारण उलटं दिसलं असतं, उभ्या गाडीत जास्त आणि वेगात कमी. लोड आला की आकडा वाढतो, म्हणजे पुरवठाच तोकडा पडतोय. मी हा आकडा महिनाभर पाहत होतो, हिरव्या रंगात छान दिसतो म्हणून.

चाचांनी प्रेशर गेज लावला, रेस दिल्यावर काटा खाली. मागची सीट काढून टाकीतला पंप वर घेतला. खालची जाळी चहाच्या गाळणीसारखी झालेली, तपकिरी चिखलाने लिंपलेली. "टाकी रिझर्ववर ठेवता ना?" ठेवतो. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि टाकीतला पंप गार राहतो तो भोवतीच्या पेट्रोलमुळेच. पेट्रोल तळाशी गेलं की पंप तापतो, आणि तळाचा गाळही ओढतो असं चाचांचं म्हणणं. पंप वाचला, जाळी बदलली, टाकी धुतली. सगळं मिळून ११०० रुपये. २७०० चा सेन्सर गाडीत तसाच आहे, चांगला चालतो.

तर यंत्राबद्दल: घ्या. कोड वाचायला, इंजिनचं तापमान पाहायला, जुनी गाडी विकत घेताना तपासायला पैसे वसूल आहे. एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या यंत्राला आणि फुकटच्या अ‍ॅपला वाचता येत नाहीत. सॉकेटला कायमचं खोचून ठेवू नका, सोळाव्या पिनेला बॅटरीचा करंट चावी काढल्यावरही चालू असतो. जानेवारीत लग्नासाठी नऊ दिवस गाडी उभी होती, यंत्र आतच. दहाव्या दिवशी धक्का मारायला चार जण लागले. आणि गॅरेजमध्ये शिरल्या शिरल्या मोबाइल नाचवू नका. मी हल्ली आधी लक्षणं सांगतो, मिस्त्रीचं ऐकून घेतो, आणि मग विचारतो, हे कशावरून, मोजून दाखवता येईल का. चाचा या प्रश्नावर चिडत नाहीत, गेज काढतात.

मागच्या आठवड्यात नवा कोड आलाय, पी ०४२०. कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय असा त्याचा अर्थ. सायलेन्सर कुठे लीक असला तरी येऊ शकतो म्हणतात, पण मला राहून राहून दसऱ्यानंतरचा तो पारोळा रस्ता आठवतोय आणि लुकलुकणारा दिवा. शनिवारी धुळ्याला जातोय. कोड पुसलेला नाही.