फ्लटर वापरून कफ काढणे: ४ स्टार, एक स्टार माहितीपत्रकामुळे गेला

ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंद होऊन त्यात कफ साठत राहणं) असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, सकाळी उठलं की छाती भरलेली, खोकून खोकून बरगड्या दुखतात आणि बेडका काही जागचा हलत नाही. फिजिओने फ्लटर टाइपचं, म्हणजे फुंकून कफ सुटा करायचं डिव्हाइस घ्यायला सांगितलं, आता रोज वापरते.

दिसायला थेट चिलीम, घरातले अजून हसतात. आत एक स्टीलची गोळी आणि वर भोकांचं झाकण, बस, ना बॅटरी ना वायर. फुंकलं की गोळी उचलली जाते, परत पडते, परत उचलली जाते, असं भराभर होत राहतं. त्याने श्वास सोडताना आत उलटा दाब तयार होतो, त्या दाबामुळे श्वासनलिका मिटत नाहीत आणि थरथरीने आत चिकटलेला कफ सुटा होतो.

सगळा खेळ अँगलचा आहे. एक तळहात छातीवर ठेवायचा, डिव्हाइस थोडं वर-खाली करत फुंकायचं, जिथे छातीत सगळ्यात जास्त थरथर लागते तो तुमचा अँगल. नुसते गालच फडफडत असतील तर सगळी मेहनत तोंडातच संपतेय, गाल टाइट धरा. श्वास सावकाश घ्यायचा, २-३ सेकंद रोखायचा, मग नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पण जोर न लावता सोडायचा. असे दहाएक श्वास झाले की हफ.

आणि इथेच माझी तक्रार आहे. फ्लटर कफ फक्त सुटा करतं, बाहेर काढतो तो हफ, म्हणजे तोंड आणि घसा उघडा ठेवून आरशावर वाफ धरतो तसा हाऽऽ करून श्वास सोडायचा. मध्यम श्वास घेऊन लांब हफ केला की खालचा कफ वर सरकतो, तो वर आला की मोठा श्वास आणि छोटा जोरदार हफ. मध्येमध्ये शांत श्वास घ्यायचा नाहीतर उबळ येते आणि दम लागतो. एवढी महत्त्वाची गोष्ट आणि डब्यातल्या पत्रकात त्यावर जेमतेम एक ओळ, तीही मुंगीएवढ्या अक्षरात! फिजिओ नसती तर लोक नुसतं फुंकत बसतील आणि म्हणतील काही उपयोग नाही.

दुसरं म्हणजे हे आडवं पडून चालत नाही, गोळी स्वतःच्या वजनाने पडते ना. झोपून किंवा कुशीवर करायचं असेल तर अकॅपेलासारखं मॅग्नेटवालं बघा, ते कुठल्याही पोझिशनमध्ये चालतं.

माझा क्रम असा आहे, आधी श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप, मग नेब्युलायझरने (औषधाचा बारीक फवारा करणारं मशीन) सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, मग फ्लटर. (डॉक्टरांनी जास्त खारट सलाइन दिलं असेल तर पहिला डोस त्यांच्यासमोरच घ्या, काहींची छाती आवळते.) नेब्युलायझरने अँटिबायोटिक असेल तर ते सगळ्यात शेवटी, कफ निघाल्यावर. जेवल्या जेवल्या करू नका, ओकारी येते.

धुवायला सोपं आहे, सगळे भाग सुटे होतात. साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचं आणि पूर्ण सुकवायचं, ओलं डब्यात कोंबू नका, स्यूडोमोनाससारख्या जंतूंना ओल फार आवडते आणि आपल्या फुफ्फुसांना तोच पाहुणा नको असतो. थुंकीत रक्त दिसलं तर फुंकणं थांबवून आधी डॉक्टरांना फोन, आणि कधी फुफ्फुसाबाहेर हवा साठली असेल म्हणजे न्यूमोथोरॅक्स झाला असेल तर विचारल्याशिवाय हे घेऊच नका.