उबुंटू काढलं, पण गेलं नाही: ड्युअल बूट मोडल्यानंतरचा अनुभव

120 जीबी परत मिळाले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती 100 एमबीबद्दल.

काढण्याचं कारण सरळ होतं. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन सिस्टिम, म्हणजे ड्युअल बूट. 512 जीबीची एसएसडी, विंडोजची सी ड्राइव्ह लाल झालेली, आणि शेजारी कधीतरीच उघडल्या जाणाऱ्या उबुंटूने 120 जीबी अडवून ठेवलेले. नवी डिस्क घ्यायची तर पैसे मोजा; त्यापेक्षा आहे ती जागा मोकळी करू म्हटलं.

मुख्य काम फारच सोपं निघालं. लिनक्समधल्या फाइल्स आधी बाहेर काढल्या, कारण ईएक्सटी4 ही लिनक्सची फाइल साठवण्याची पद्धत विंडोजला थेट वाचता येत नाही. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवली. बूटच्या क्रमात हात घातला की बिटलॉकर ती मागू शकतो. बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताच आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) विंडोज बूट मॅनेजर पहिला केला, डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचं पार्टिशन उडवलं आणि सी ड्राइव्ह वाढवली. ती वाढते फक्त उजवीकडे लागून असलेल्या मोकळ्या जागेत. मधे रिकव्हरी पार्टिशन आलं तर ‘एक्स्टेंड’ पुसट होऊन बसतं. माझी जागा मुळात सीमधूनच कापलेली असल्याने अडलं नाही. विंडोज काढून लिनक्स ठेवणाऱ्यांची मात्र पंचाईत: त्यांची मोकळी जागा बहुधा डावीकडे येते, आणि जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रामने पार्टिशन तिकडे सरकवायचं म्हणजे सगळा डेटा हलणार. तासन्‌तास. त्यांनी ती जागा वेगळी फॉरमॅट करून होमसाठी (लिनक्समधल्या स्वतःच्या फाइल्ससाठी) वापरलेली बरी.

पुढे बूट मेनूत ‘उबुंटू’ ही ओळ तशीच दिसत होती. बीसीडीएडिट या विंडोजच्या कमांडने ती काढली. मेनू स्वच्छ, लॅपटॉप झटपट सुरू. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी साडेचार दिले असते.

मग काही महिन्यांनी बायोस अपडेट केला. रीस्टार्टनंतर काळा पडदा आणि त्यावर ‘ग्रब’ची (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) ओळ, पुढे लुकलुकणारा कर्सर. ज्या लॅपटॉपवर लिनक्सची एक फाइल उरली नाही असं मी धरून चाललो होतो, त्यावर! सर्व्हिस सेंटरला फोन केला तर लॅपटॉप न बघताच उत्तर आलं: “डिस्क गेली असेल, बदलावी लागेल.” जी डिस्क विकत घ्यायची नाही म्हणून हा सगळा खटाटोप केला, तीच घ्या म्हणे. फोन ठेवला. त्या काळ्या पडद्यावर ‘एक्झिट’ टाइप केलं, बूट मेनूतून विंडोज निवडलं, दोन घटकेत डेस्कटॉप समोर. डिस्क ठणठणीत.

मग शोधलं. ग्रब सुरू करणाऱ्या फाइल्स उबुंटूच्या पार्टिशनमध्ये नसतातच. त्या ईएफआय या बूटच्या फाइल्स ठेवणाऱ्या छोट्या पार्टिशनमध्ये असतात, जे विंडोज साधारण 100 एमबीचं बनवतं आणि एक्स्प्लोररमध्ये दाखवत नाही. मेनूतली ओळ राहते मदरबोर्डच्या मेमरीत. बायोस अपडेटने ती मेमरी पुसली गेली, आणि लॅपटॉपने ईएफआयमधल्या ‘बूट’ फोल्डरमधली राखीव फाइल उचलली. ती फाइल उबुंटूने ठेवलेली. तिच्या जोडीला एफबीएक्स64 नावाचा छोटा प्रोग्राम असतो. तो शेजारच्या उबुंटू फोल्डरमधली यादी वाचतो आणि पुसलेली ओळ मेनूत परत लिहितो. एरवी फार शहाणी सोय आहे ही. माझ्याकडे ती मेलेल्या माणसाचं रेशनकार्ड रिन्यू करत होती.

म्हणजे ओळ पुसणं पुरेसं नाही, आधी फोल्डर गेलं पाहिजे. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये माउंटव्हॉल कमांडने ईएफआयला ड्राइव्हचं अक्षर दिलं, उबुंटूचं फोल्डर काढलं, मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरला हात लावला नाही. राखीव फाइलचं नाव बदलून तिच्या जागी विंडोजच्या बूट मॅनेजरची प्रत ठेवली. शेवटी मेनूतली ओळ पुसली. कॉपी-डिलीटपेक्षा अवघड यात काही नाही, पण हे करून देणारं बटण ना विंडोजमध्ये आहे ना उबुंटूमध्ये. दोघांनाही इन्स्टॉल करताना ईएफआय बरोबर सापडतं. निघताना झाडलोट कोणी करत नाही. बहुतेक मार्गदर्शकही पार्टिशन डिलीट झालं की ‘झालं’ म्हणून मोकळे होतात.

बाकी सुख आहे. घड्याळ चुकणं थांबलं (विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ). ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटने अनेक ड्युअल बूटवाल्यांचं लिनक्स सुरू होईना आणि पक्की दुरुस्ती यायला मे 2025 उजाडला, तसली धास्तीही आता नाही. लिनक्स लागलंच तर विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल 2 मध्ये भागतं. रॅम खातं, पण 120 जीबी अडवत नाही.

पार्टिशनच्या कामाला पाच, ईएफआयच्या सफाईला एक. आणि बायोस अपडेट करायचा असेल तर सफाईनंतर करा, विंडोजचा रिकव्हरी पेनड्राइव्ह हाताशी ठेवून.