६० व्होल्टचा एलएफपी पॅक: बॅटरी चांगली, चार्जर तपासून घ्या

लेड-अ‍ॅसिडच्या पाच बॅटऱ्या निकामी झाल्या की सांगलीतले दुकानदार हल्ली ई-स्कूटरसाठी ६० व्होल्ट ३० एएचचा (अँपिअर-तासांचा) लिथियम पॅक पुढे करतात. पत्र्याचा डबा, वर उचलायला पट्टा, सोबत ६ अँपिअरचा चार्जर. नंबर प्लेट न लागणाऱ्या स्लो-स्पीड स्कूटरसाठी सौदा चांगला आहे. मात्र घेताना पॅकपेक्षा चार्जर आणि बसवणाऱ्याचं काम जास्त बारकाईने बघा.

एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. त्याच्या पॅकमध्ये ३.२ व्होल्टचे २० सेल एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणजे नाव ६० असलं तरी प्रत्यक्षात ६४ व्होल्ट, आणि साठा १.९२ युनिट. वजन जुन्या पाच बॅटऱ्यांच्या निम्म्याहून कमी. एका चार्जमध्ये ६० किलोमीटर धरून चालायला हरकत नाही. सांगली-मिरज रोजचं जाणं-येणं आरामात निघतं.

गोची नावात आहे. '६० व्होल्ट' याच नावाने १६ सेलचे एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट, लिथियमचाच दुसरा प्रकार) पॅकही विकले जातात. ते ६७.२ व्होल्टला पूर्ण भरतात, तर एलएफपी ७३ ला. जुना लेड-अ‍ॅसिडचा चार्जर ७३-७४ पर्यंत जातो. 'आहे तोच चार्जर चालतोय की,' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. एनएमसीला तो लावला तर सेलमागे साडेचार व्होल्ट चढू बघतात, आणि मर्यादा आहे ४.२. बीएमएस (पॅकमधलं सेल सांभाळणारं सर्किट) मध्ये पडून पुरवठा तोडतं हे खरं, पण रोज त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे पंखा बंद करायला रोज एमसीबी पाडणं. एलएफपीला आकडा जुळतो, तरी लेडचा चार्जर भरल्यानंतरही थोडा थोडा करंट सोडत राहतो. लिथियमला ते नको. चार्जरवर एलएफपी आणि ७३ व्होल्ट छापलेलं असावं. दुकानातच मल्टिमीटर लावून खात्री करा. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय व्होल्टेज दाखवत नाहीत, तेव्हा चार्जिंग संपताना मोजा.

रिकामा पॅक भरायला पाच-साडेपाच तास लागतात. भिंतीतून जेमतेम ५०० वॅट ओढले जातात, त्यामुळे घरातला साधा सॉकेट पुरतो. अर्थिंग मात्र खरोखरचं हवं, नुसतं तिसरं भोक नको.

गाडीच्या मीटरवरच्या बॅटरीच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका. तो मीटर लेडच्या उतरत्या व्होल्टेजवर बेतलेला असतो. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, म्हणून काड्या बराच वेळ हलत नाहीत आणि मग दोन-तीन किलोमीटरमध्ये सगळ्या गळतात. शंटवर चालणारा, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा एएच मीटर बसवून घ्या, नाहीतर किलोमीटर बघून चार्ज करा.

बसवण्यात सगळ्यात जास्त चुका कनेक्टरवर होतात. जुन्या वायरला पीळ देऊन वर टेप गुंडाळलेली दिसली तर काम परत करायला लावा. वायरच्या टोकांना नीट दाबलेले लग (धातूच्या टोप्या), पॅकच्या प्लस वायरवर फ्यूज, आणि डबा हलू नये म्हणून खाली रबर. पहिल्या चढानंतर गाडी बंद करून कनेक्टरला हात लावून बघा. कोमट चालेल, बोट टेकवत नसेल तर सांधा सैल आहे, आणि पुढे प्लास्टिक वितळणार.

'८० टक्क्यांच्या वर चार्ज करायचा नाही' हा सल्ला एनएमसीवाल्यांचा. एलएफपीला आठवड्यातून एकदा पूर्ण भरू द्या आणि हिरवा दिवा लागल्यावरही तास-दोन तास लावून ठेवा. सेल एकसारखे करायचं काम बीएमएस अगदी शेवटच्या टप्प्यात आणि फार हळू करतं. ते झालं नाही तर एक सेल आधी भरतो, एक आधी रिकामा होतो, आणि पॅक 'कमी चालायला लागला' अशी तक्रार येते. सेल खराब नसतो, मागे पडलेला असतो.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की उन्हातून आणलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका. ४५ अंशांच्या वर सेल चार्ज करणं टाळायचं असतं, आणि पत्र्याच्या शेडखाली डबा तिथवर सहज पोचतो. तासभर सावलीत राहू द्या, किंवा सरळ पहाटे चार्ज करा. जिन्याखाली, घरातून बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर तर कधीच नको. एलएफपी सहसा पेट घेत नाही, पण घेतच नाही असं नाही.

पॅक गाडीतून काढता येतो, याचा खरा फायदा पावसाळ्यात. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चालली की पॅक निम्मा भरून वरच्या मजल्यावर न्या. डब्यावर आयपी६७ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढाच; २०१९ सारखा दिवसेंदिवस न ओसरणारा पूर त्यात बसत नाही. बुडालेला पॅक वाळवून चार्ज करायचा नाही. घराबाहेर मोकळ्या जागेत ठेवा आणि विक्रेत्याला बोलवा.

बिलावर रसायन, सेलची संख्या, बीएमएसचे अँपिअर आणि चार्जरचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात. नंबर प्लेट असलेल्या गाडीत मात्र हा पॅक टाकू नका: मंजूर बॅटरी बदलली की विम्याचा दावा अडकू शकतो.