लंडनहून केंब्रिज: किंग्ज क्रॉसची ट्रेन घ्यावी की लिव्हरपूल स्ट्रीटची?

किंग्ज क्रॉस आणि लिव्हरपूल स्ट्रीट ही लंडनची दोन रेल्वे स्टेशनं. किंग्ज क्रॉसहून फास्ट ट्रेन मिळाली तर साधारण 50 मिनिटांत केंब्रिज, मध्ये कुठे थांबत नाही. लिव्हरपूल स्ट्रीटहून ग्रेटर अँग्लिया या रेल्वे कंपनीची ट्रेन सव्वा तास किंवा थोडं जास्तच घेते, पण आधी बुक केलं तर तिचं अॅडव्हान्स तिकीट बरंच स्वस्त पडतं. वीकेंडला लंडनला जाऊन-येऊन करणाऱ्या स्टुडंटने डोळे झाकून हेच घ्यावं, माझं तरी स्पष्ट मत आहे, पंचवीस मिनिटांसाठी एवढे पैसे कशाला घालवायचे!

पण पहिल्यांदा इंडियाहून येताय तर थांबा, त्या दिवसासाठी अॅडव्हान्स अजिबात काढू नका. ते तिकीट त्याच ट्रेनचं असतं, आणि फ्लाइट लेट झाली किंवा इमिग्रेशनची लाइन लांबली की पैसे गेले, माझ्या चुलतबहिणीचे असेच गेले आणि वर नवीन तिकीट काढावं लागलं, पहिल्याच दिवशी रडकुंडीला आली होती बिचारी. अशा वेळी ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून चालणारं) तिकीट बरं, ऑफ-पीकच्या वेळेतली कुठलीही ट्रेन पकडता येते. फक्त रूट नीट वाचा, ग्रेटर अँग्लियापुरतं असलेलं तिकीट किंग्ज क्रॉसहून चालत नाही.

हीथ्रो विमानतळाहून एलिझाबेथ लाइन (लंडनची शहरी रेल्वे) थेट लिव्हरपूल स्ट्रीटला नेते खरी, पण भाडं पिकाडिली या मेट्रो लाइनच्या दुपटीहून जास्त, म्हणजे ट्रेनमध्ये वाचवलेलं इथेच जातं. दोन मोठ्या बॅगा असल्या तरी मी पिकाडिलीने किंग्ज क्रॉसच सांगेन, तासभर लागतो पण मध्ये बदलायचं नाही. गॅटविकला उतरलात तर थेम्सलिंक कंपनीची केंब्रिजपर्यंत थेट ट्रेन आहे, मग हा प्रश्नच नाही.

कुठूनही जा, 16-25 रेलकार्ड आधी काढा. 35 पौंड, वर्षभर तिकिटावर एक तृतीयांश सूट, आणि वय 26 च्या पुढे असलं तरी फुलटाइम स्टुडंटला मिळतं, हे खूप जणांना माहीतच नसतं. सोम ते शुक्र सकाळी 10 च्या आधी मात्र कार्ड असलं तरी तिकिटाला किमान 12 पौंड लागतातच, अॅडव्हान्स तिकिटाला आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती अट नाही. आईबाबा भेटायला आले आणि तिघं एकत्र फिरणार असाल तर ग्रुपसेव्ह बघा, ऑफ-पीकला कार्डाशिवाय तेवढीच सूट मिळते. तिकीट रेल्वे कंपनीच्याच अॅपवर काढा, बुकिंग फी लागत नाही.

आणि हो, केंब्रिज स्टेशन गावाच्या मध्यात नाहीये, सामान घेऊन वीस-पंचवीस मिनिटं चालायचं नसेल तर बसचे पैसे हिशोबात धरा.