पाने हिरवी झाली, धातू तिथेच राहिले

जड धातूंनी बिघडलेली जमीन 'एका हंगामात स्वच्छ' करून देणारी पावडर विकणाऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी पिवळे पीक दाखवायचे, पावडर टाकून ते हिरवे करायचे, मग प्रयोगशाळेचा अहवाल हातात ठेवायचा. यात पाने खरोखर हिरवी होतात, आणि अहवालातले आकडेही बऱ्याचदा खरेच असतात. म्हणून तर जाणती माणसे फसतात.

पानांचे आधी पाहू. जस्त, तांबे, निकेल जमिनीत फार झाले की ते लोहाच्या आड येतात. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, म्हणजे हुबेहूब लोहाची कमतरता. विक्रेता पावडरीसोबत 'टॉनिक'ची बाटली देतो, तिच्यात लोह असते. नुसते फेरस सल्फेट (हिराकस) लिटरला ५ ग्रॅम घालून फवारले तरी आठ-दहा दिवसांत पान हिरवे होते. रोप मात्र अलगद उपटून, मुळे धुऊन पाहावे. तांब्याने पोळलेले मूळ आखूड, जाड, तपकिरी दिसते, तंतुमुळे जवळपास नसतातच. फवारणीने हे मूळ सुधारत नाही. कॅडमियम तर आणखी लबाड: पाला खाण्यास अयोग्य होईल इतके साचले तरी रोप टवटवीत दिसू शकते.

आता अहवाल. मातीतला धातू दोन तऱ्हांनी मोजतात. तीव्र आम्लात माती उकळून काढतात तो एकूण धातू. डीटीपीए या धातू पकडणाऱ्या रसायनाच्या सौम्य द्रावणात दोन तास हलवून जो सुटतो तो पिकाला मिळण्याजोगा अंश. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कितीतरी लहान असतो. 'आधी'चा अहवाल पहिल्या पद्धतीचा आणि 'नंतर'चा दुसऱ्या पद्धतीचा जोडला की मातीला हात न लावताही धातू 'गायब' होतो. पद्धतीचे नाव अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात असते. ते आधी वाचावे.

कधी दोन्ही अहवाल एकाच पद्धतीचे असतात आणि घट खरी असते, पण ती एका धातूची. पावडरीतल्या चुन्याने मातीचा सामू (पीएच) वाढला की शिसे, कॅडमियम, जस्त, निकेल मातीला घट्ट धरले जातात. आर्सेनिक मात्र सैल होऊ शकते. फॉस्फेट टाकले तर शिसे बांधले जाते, पण तेच फॉस्फेट आर्सेनिकला मातीच्या कणांवरून ढकलून पाण्यात आणते. चुन्यामुळे जस्त दुर्मिळ झाले तर भुकेले मूळ जस्ताच्याच वाटेने कॅडमियम आत घेते. मिश्र प्रदूषणात एका धातूचा अहवाल म्हणजे अर्धसत्य.

हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने बांधावर मोजून दाखवतात, तेही जपून घ्यावे. शिसे आणि आर्सेनिक यांचे मुख्य संकेत एकमेकांवर पडतात, शिवाय ओल्या मातीत आकडा कमी येतो. आधी कोरडी, नंतर पाणी दिलेली माती मोजली की झाले काम.

'जिवाणू धातू खातात' हा दावा सरळ सोडून द्यावा. मूलद्रव्य कुजत नाही. झाडांनी उपसून काढायचे म्हटले तरी हिशेब करा. एका हेक्टरात २० सेंटिमीटर खोलीपर्यंत सुमारे २,६०० टन माती. किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅडमियम म्हणजे ७.८ किलो. ते १ मिलिग्रॅमवर आणायला ५.२ किलो बाहेर काढावे लागेल. १० टन वाळलेल्या पाल्यात किलोमागे १० मिलिग्रॅम धरले तर एका पिकात जेमतेम १०० ग्रॅम निघते. म्हणजे ५२ पिके, तीही शेताबाहेर नेऊन टाकलेली.

पैसे देण्याआधी नमुना स्वतः काढावा: १५-२० जागा, वरचे १५ सेंटिमीटर, प्लास्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे अवजार. जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको, तिचेच जस्त नमुन्यात उतरते. माती मिसळून अर्धा किलो घ्यावी, निम्मी सीलबंद ठेवावी. नंतरचा नमुना त्याच जागांवरून, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने. सोबत धुतलेला खाण्याचा भागही तपासावा. शेतात एक पट्टा कोरा ठेवावा आणि एकावर फक्त फेरस सल्फेट फवारावे. या दुसऱ्या पट्ट्याची पाने पावडरीच्या पट्ट्याइतकीच हिरवी झाली, तर हिरवेपणा कशाचा होता ते विक्रेत्याला शेतातच विचारता येते.